मालिका संपली, मंच कुणाचा?



१७ ऑक्टोबर २०२० रोजी स्टार प्रवाह वाहिनीवरची 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर – महामानवाची गौरवगाथा' ही मालिका संपली. १८ मे २०१९ ला ती सुरू झाली होती. मधे लॉकडाऊनमुळे चित्रीकरण थांबले, पुन्हा सुरू झाले, आणि धम्मचक्र प्रवर्तनाच्याच महिन्यात तिचा शेवटचा भाग दाखवला गेला. त्यानंतर आपल्याकडे या मालिकेवर भरपूर चर्चा झाली. कोणता प्रसंग इतिहासाला धरून, कोणता रंगवलेला, कोणते पात्र वगळले, कोणाला जास्त जागा दिली. ही चर्चा व्हायलाच हवी. पण आमच्या मते एक प्रश्न या गदारोळात राहून गेला. मालिका संपल्यावर आपण कोण उरलो? आपल्या इतिहासाचे प्रेक्षक, की आपल्या इतिहासाचे कलावंत?

कोणी म्हणेल, हा रिकामटेकडा प्रश्न आहे. परभणी जिल्ह्यात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या लेकरांची शाळा सुटते, शिष्यवृत्ती वेळेवर पडत नाही, वसतिगृहात जागा मिळत नाही, आणि तुम्ही नाटक-मालिकांचे काय घेऊन बसलात? आम्ही याच जिल्ह्यात वस्तीवर काम करतो. हे सगळे प्रश्न आम्हाला रोज भेटतात. तरीही हा प्रश्न त्यांच्याइतकाच मोठा आहे असे आमचे मत आहे, आणि ते का हे सांगण्यासाठीच हा लेख.

आधी ते वर्ष आठवा. २०२० ची भीमजयंती आपण घरातच साजरी केली. विहारांना कुलूप होते. दीक्षाभूमीवरचा सोहळा त्या वर्षी झाला नाही. परभणी, पूर्णा, गंगाखेडहून नागपूरला जाणारी माणसे घरीच बसली. अशा वर्षी ही मालिका आमच्या वस्तीत एखाद्या विहारासारखी झाली होती. ज्यांच्या घरी टीव्ही नाही ते शेजारच्या दारात बसायचे, तोंडाला रुमाल बांधून. आम्ही त्या काळात धान्याच्या किटचे वाटप करत होतो, आणि मालिकेच्या वेळेत कोणी दार उघडत नाही हे आम्हाला ठाऊक झाले होते. शेवटच्या भागाच्या दिवशी एका मावशींनी टीव्हीसमोर मेणबत्ती लावली. ही कथा ६ डिसेंबर १९५६ पर्यंत जाऊन थांबणार हे तिथे बसलेल्या प्रत्येकाला माहीत होते. तरी बायका पदराने डोळे पुसत होत्या. आपल्या घरातले माणूस जावे तसे ते वातावरण होते.

त्या रात्री एका मुलीने आम्हाला विचारले, "दादा, हे काम करणारे कुठं शिकले? अशी शाळा असती का?"

मुलगी बारावीत होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात रमाईची भूमिका केलेली. आवाज असा की माईक नसला तरी विहाराच्या मागच्या भिंतीपर्यंत जावा. आम्ही सांगितले, असते. औरंगाबादला (आजच्या छत्रपती संभाजीनगरला) डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. आपल्या नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे. पुण्याला फिल्म इन्स्टिट्यूट आहे, दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय आहे. पोरगी ऐकत राहिली. तिच्या वडिलांनी मात्र एका वाक्यात विषय संपवला.

"आमचा आजा फडात सोंगाड्या होता. गाव रातभर त्याला हसायचं आन् सकाळी त्यालाच वरून पाणी ओतायचं. छप्पन्नला त्यानं ते सोंग सोडलं. आता माझ्या लेकीनं पुन्हा तोंडाला रंग लावावा?"

समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्हाला बरेच सिद्धांत शिकवले गेले. खालच्या जाती वरच्या जातींचे अनुकरण कसे करतात हे शिकवले, सांस्कृतिक भांडवल एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे कसे जाते हे शिकवले. पण एखादा समाज आपल्या अंगातली कला स्वाभिमानासाठी कशी सोडतो, याचा धडा त्या पुस्तकांत आम्हाला भेटला नाही. तो या माणसाच्या एका वाक्यात होता. म्हणून त्याला मागासलेला म्हणून मोडीत काढणे आम्हाला शक्य नव्हते. तो बरोबर होता. आपल्या पूर्वजांची कला ही कला म्हणून कधी पाहिलीच गेली नाही. ती गावकीतले एक काम होती. गावाच्या करमणुकीसाठी आम्ही नाचावे, गावाच्या मिरवणुकीपुढे आम्ही वाजवावे, आणि बदल्यात शिळी भाकरी घ्यावी, वर जातीची शिवी घ्यावी. हे सगळे नाकारणे हा बाबासाहेबांच्या लढ्याचाच भाग होता. मेलेली जनावरे ओढणे सोडले तसेच हेही सोडले.

पण इथेच एक बारीक फरक आहे आणि तो नजरेआड झाला की पुढचे सगळे चुकते. आपण गुलामी सोडली. कला सोडा असे चळवळीने कधीच सांगितले नव्हते.

पुरावा हवा असेल तर आंबेडकरी जलसा पाहा. तमाशाची ढोलकी तीच, तुणतुणे तेच, सवाल-जवाबाची रीत तीच. सत्यशोधक जलशांनी जी वाट पाडली होती तीच पुढे भीमराव कर्डकांसारख्यांच्या जलशाने आपल्या वस्त्यांपर्यंत नेली. गण-गौळणीच्या जागी विचार आला. पाटलाच्या वाड्यासमोर नाचणारा माणूस आता आपल्याच लोकांसमोर उभा राहून शाळेत जा, मंदिरात नवस बोलू नका, दारू सोडा असे सांगू लागला. हात तेच होते, वाद्य तेच होते, पण कोणासाठी आणि कोणाच्या हुकमावरून वाजवायचे हे बदलले. त्या सोंगाड्या आजोबांनी जे सोडले ते गावाचे सोंग. जलसेवाल्यांनी जे धरले ते स्वतःचे. या दोन्ही गोष्टी एकाच चळवळीच्या आहेत.

दुसरा पुरावा याहून महत्त्वाचा आहे, आणि तो आपल्या मराठवाड्यातला आहे. बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या वतीने १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय सुरू केले. तेच आपले मिलिंद महाविद्यालय, नागसेनवन. निजामी राजवटीतून नुकत्याच सुटलेल्या या भागात, जिथे आपल्या पोरांना साधे हायस्कूल दुर्मिळ होते, तिथे पदवीचे शिक्षण आले. त्या महाविद्यालयाचे प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी 'युगयात्रा' हे नाटक लिहिले. अस्पृश्यतेची युगानुयुगांची वाटचाल हा त्याचा विषय. १९५५ साली मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांच्या उपस्थितीत सादर केले. पुढे १९५६ साली नागपूरला धम्मदीक्षेच्या निमित्ताने जमलेल्या जनसागरासमोरही त्याचा प्रयोग झाला. दलित रंगभूमीचा इतिहास लिहिणारे इथूनच सुरुवात करतात.

या घटनेकडे जरा थांबून पाहा. ज्यांच्या आईबापांना शाळेच्या पायरीवर बसू दिले नव्हते ती पोरे कॉलेजच्या रंगमंचावर उभी आहेत. समोर साक्षात बाबासाहेब प्रेक्षक म्हणून बसले आहेत. आणि पोरे आपल्याच समाजाचा इतिहास स्वतःच्या तोंडाने सांगत आहेत. आज बरोबर याच्या उलटे आहे. मंचावर बाबासाहेबांची भूमिका चालू आहे आणि आपण सगळे समोर प्रेक्षक म्हणून बसलो आहोत. १९५५ ते २०२० या पासष्ट वर्षांत खुर्च्यांची ही अदलाबदल झाली. आमचा मूळ मुद्दा एवढाच आहे.

इथे एक गैरसमज होऊ नये. मालिकेतल्या कलाकारांच्या जाती मोजण्याचा हा उद्योग नाही. सागर देशमुख यांनी बाबासाहेब आणि शिवानी रांगोळे यांनी रमाई ज्या निष्ठेने उभ्या केल्या, त्याबद्दल आमच्या वस्तीतल्या बायाबापड्यांच्या मनात आदरच आहे. 'युगयात्रा' लिहिणारे चिटणीस सरही आपल्या समाजात जन्मलेले नव्हते, तरी ते आपले होते. भूमिका कोणीही करावी. प्रश्न असा आहे की आपली पोरे करू शकतील अशी परिस्थिती आहे का? पटकथा लिहिणाऱ्यांच्या खोलीत, कॅमेऱ्यामागे, संकलनाच्या टेबलावर, वेशभूषेत, प्रकाशयोजनेत आपल्या वस्तीतून शिकून गेलेले हात किती आहेत? रमाईचे लुगडे कोणत्या पोताचे होते, डबक चाळीत चूल कुठे असायची, हे ज्यांच्या आजीने सांगितले आहे ते पोर त्या खोलीत बसलेले आहे का?

आता जरा दूर जाऊ. अमेरिकेत 'फेम' नावाची एक मालिका होती. न्यूयॉर्कमधल्या एका सरकारी कलाशाळेत नृत्य, नाट्य आणि संगीत शिकणाऱ्या पोरांची ती कथा. आधी १९८० साली चित्रपट आला, मग ७ जानेवारी १९८२ पासून मालिका. दोन वर्षांनी मूळ वाहिनीने ती बंद केली, तरी ती वेगवेगळ्या केंद्रांना विकून चालू राहिली. सहा पर्वे, १३६ भाग. शेवटचा भाग १८ मे १९८७ ला दाखवला गेला आणि त्याचे शीर्षकच 'माझे नाव लक्षात ठेव' अशा अर्थाचे होते. परभणीच्या वस्तीशी याचा काय संबंध, असे वाटेल. संबंध आहे, कारण त्या शाळेतला सर्वांत लक्षात राहणारा विद्यार्थी हार्लेमच्या काळ्या वस्तीतला आहे.

त्याचे नाव लिरॉय. चित्रपटात तो प्रवेशासाठी आलेलाच नसतो. मैत्रिणीला नाचायला जोडीदार हवा म्हणून तो तिच्यासोबत येतो, आणि निवड त्याची होते. वर्गात मात्र त्याला धड वाचता येत नाही हे बाईंच्या लक्षात येते. पायात बिजली आणि पुस्तक हातात घेतले की शरम. आपल्या किती पोरांची ही गोष्ट आहे! आणि कवितेचा विषय निघाला तर आपल्या वामनदादा कर्डकांनाही अक्षरओळख मोठेपणीच झाली होती, हे विसरू नका. लिरॉयची भूमिका करणारा जीन अँथनी रे हाही हार्लेमचाच. तो खरोखर त्या कलाशाळेत गेला होता आणि वर्षभरात तिथून बाहेर काढला गेला होता. म्हणजे पडद्यावर शाळेने त्याला सांभाळले, प्रत्यक्षात शाळेला तो झेपला नाही. २००३ साली वयाच्या अवघ्या ४१ व्या वर्षी तो गेला.

त्याच मालिकेत नृत्यशिक्षिका लिडिया ग्रँटची भूमिका डेबी ॲलनने केली. ही काळी मुलगी टेक्सासमधल्या ह्यूस्टनची. लहानपणी बॅले शिकायला गेली तेव्हा रंग आडवा आला. पुढे एका नावाजलेल्या कलाशाळेने तिचे शरीर बॅलेसाठी योग्य नाही असे सांगून परत पाठवले. मग ती कुठे गेली? हॉवर्ड विद्यापीठात. गुलामगिरी संपल्यानंतर, १८६७ साली मुक्त झालेल्या काळ्या लोकांच्या शिक्षणासाठी उभे राहिलेले हे विद्यापीठ. तिथून १९७१ साली पदवी घेऊन ती बाहेर पडली, आणि दहा-अकरा वर्षांत सगळ्या अमेरिकेसमोर पडद्यावर नृत्याची बाई म्हणून उभी राहिली. पुढे २००१ मध्ये तिने लॉस एंजेलिसला स्वतःची नृत्य अकादमी काढली.

एकाच मालिकेतले हे दोन कलावंत. दोघेही काळे, दोघांचीही गुणवत्ता वादातीत. जीनला एका शाळेने बाहेर काढले आणि तो झगमगत्या योगायोगाने पडद्यावर पोचला. डेबीला एका दाराने नाकारले तेव्हा तिच्या माणसांसाठी शंभर वर्षांपूर्वी उघडलेले दुसरे दार होते. दोघांची आयुष्ये इतकी वेगळी झाली याला अनेक कारणे असतील, आम्ही एकच कारण सांगून मोकळे होणार नाही. पण आपल्यासाठी धडा स्पष्ट आहे. गुणवत्ता वस्तीत आपोआप जन्मते. ती टिकवायला संस्था लागते.

आपल्याकडे काय होते? आपल्याकडे कलावंत 'सापडतो'. 'फँड्री' चित्रपटातला जब्या, म्हणजे सोमनाथ अवघडे, हा खेड्यात हलगी वाजवणारा पोर नागराज मंजुळे यांना सापडला आणि त्याला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आनंदच आहे. पण मंजुळे त्या गावावरून गेलेच नसते तर? ज्या शेकडो गावांवरून कोणी जात नाही तिथल्या पोरांचे काय? दुसरा मार्ग घराण्याचा. प्रल्हाद शिंदे, मग आनंद-मिलिंद, मग आदर्श-उत्कर्ष, अशा तीन पिढ्या या एका घराने समाजाला आवाज दिला. गौरवगाथेचे शीर्षकगीतही याच घरातून आले. त्यांच्याकडे घर हेच विद्यालय झाले. पण समाजातल्या प्रत्येक पोराला शिंदे घराण्यात जन्म घेता येणार नाही. बाबासाहेब कोणाला 'सापडले' नव्हते. ते शिकले. मुंबईत शिकले, कोलंबियात शिकले, लंडनला शिकले. त्यांनी आपल्याला दिलेला पहिला शब्दच 'शिका' आहे, आणि त्यात विषयांची यादी दिलेली नाही.

पण आपण मनातल्या मनात ती यादी केली. डॉक्टर, इंजिनिअर, वकील, कलेक्टर. त्यामागचे कारण समजण्यासारखे आहे. ज्या घरात पहिला पगार येणार असतो ते घर जुगार खेळू शकत नाही. बार्टीकडून स्पर्धा परीक्षांचे प्रशिक्षण मिळते, ते मिळालेच पाहिजे, वाढलेच पाहिजे. पण समाजाची गोष्ट सांगणारे माणूसही समाजाला लागते. ते नसले की आपली गोष्ट सांगण्याचे काम बाजार करतो. बाजार वाईटच करतो असे नाही, गौरवगाथेसारखे कामही करतो. पण बाजार त्याच्या सोयीने सुरू करतो आणि त्याच्या सोयीने शेवटचा भाग दाखवतो.

याचा अर्थ काय, हे परभणीकरांनी अलीकडेच भोगले आहे. १० डिसेंबर २०२४ ला आपल्या शहरात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. लोक रस्त्यावर आले, बंद झाला, धरपकड झाली. १५ डिसेंबरला कायद्याचे शिक्षण घेणारे सोमनाथ सूर्यवंशी यांचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. त्या आठवड्यात सगळ्या वाहिन्यांच्या गाड्या परभणीत होत्या. मग त्या गेल्या. बातमीचाही शेवटचा भाग असतो आणि तो कधी हे आपण ठरवत नाही. वस्तीत मात्र ती गोष्ट संपलेली नाही. ज्या घरात पोलीस शिरले त्या घरातल्या बाया आजही दाराची कडी दोनदा बघतात. हे कोण सांगणार? न्यायालयात वकील सांगेल, विधानसभेत आमदार सांगेल, अहवालात आमच्यासारखा कार्यकर्ता सांगेल. पण अहवाल वाचून कोणाचा घसा दाटून येत नाही. जिंतूरच्या एखाद्या कॉलेजमध्ये, सेलूच्या बाजारात, पाथरीच्या चौकात वीस मिनिटांचे पथनाट्य उभे राहिले तर ते लोक ऐकतील. ते लिहायला आणि उभे करायला शिकलेली पोरे लागतात.

नामांतराचा लढाही आठवून पाहा. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून १९७८ पासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत आपण लढलो. घरे जळाली, माणसे गेली. त्याच विद्यापीठात नाट्यशास्त्र विभाग आहे. नांदेडचे दत्ता भगत, ज्यांनी 'वाटा पळवाटा' सारखे नाटक लिहून आपल्याच चळवळीतल्या मतभेदांना रंगमंचावर आणले, त्यांनी तिथे शिकवले. १९९४ च्याच सप्टेंबरात नांदेडचे विद्यापीठ झाले आणि परभणी जिल्हा त्याला जोडला गेला. म्हणजे दारे आहेत. एक आपल्या रक्ताने नाव मिळवलेले, दुसरे रेल्वेने दीड-दोन तासांवर. पण आमच्या पाहण्यात, दहावी-बारावीनंतरच्या मार्गदर्शन शिबिरांत या दारांचे नावही कोणी घेत नाही.

आणि त्याच वेळी जयंतीत काय चालते? डीजे. भिंतीएवढे स्पीकर, लाखाची सुपारी. एकेकाळी ज्या जयंतीत दहा पोरे गायची, चार वाजवायची, दोन वग लिहायची, त्याच जयंतीत आता एक माणूस बटण दाबतो आणि हजार जण नाचतात. नाचण्याला आमचा विरोध नाही, वर्षातून एक दिवस समाजाने मान वर करून नाचावे. पण डीजेने आपल्याला कलावंताचे गिऱ्हाईक केले. टीव्हीने प्रेक्षक केले, डीजेने गिऱ्हाईक केले. आपला पैसा, आपली वर्गणी, आणि त्यातून आपल्याच वस्तीतल्या एका ढोलकीवाल्यालाही रोजगार नाही, हे कसले अर्थकारण?

त्या मुलीचे पुढे काय झाले, हे वाचकांना जाणून घ्यावेसे वाटेल. ती नाट्यशास्त्राला गेली नाही. त्याआधी जिल्ह्याबाहेरच्या एका एकांकिका स्पर्धेत ती उतरली होती. तिथल्या परीक्षकांनी तिला सांगितले, अभिनय चांगला आहे पण भाषा शुद्ध करून या. पात्र होते परभणीच्या वीटभट्टीवरच्या बाईचे. ती बाई आणखी कोणती भाषा बोलणार होती? पोरगी परत आली ती गप्प होऊन. नंतर तिने नर्सिंग केले, आज पुण्याच्या एका दवाखान्यात नोकरी करते, घर चालवते. तिचा आम्हाला अभिमान आहे. पण दर एप्रिलमध्ये ती आठ दिवसांची रजा काढून येते आणि वस्तीतल्या लेकरांचे नाटक बसवते. तालीम विहारात, तीही लेकरांना त्यांच्याच बोलीत बोलायला लावून. मागच्या वर्षी प्रयोगाला तिचे वडील आले. शेवटपर्यंत मागच्या भिंतीला टेकून उभे राहिले. संपल्यावर फक्त एवढे म्हणाले, "आवाज मागपर्यंत आला."

आम्ही यात यशोगाथा पाहत नाही. आठ दिवसांच्या रजेवर समाजाची रंगभूमी उभी राहत नाही. म्हणून काही गोष्टी स्पष्टपणे मांडतो, त्यावर वाद घाला, पण विचार करा.

पहिली गोष्ट, जयंती मंडळांनी आपल्या वर्गणीतला ठरावीक वाटा, दहावा हिस्सा म्हणा, कलेसाठी बाजूला काढावा. एका तालुक्यातून दरवर्षी एका पोराची किंवा पोरीची नाट्य, संगीत वा चित्रपट शिक्षणाची फी त्यातून भरता येईल. डीजेचा एक तास कमी झाला तरी हे जमेल.

दुसरी, विहार संध्याकाळी उघडा ठेवा. रविवारच्या वंदनेनंतर तासभर वाचन, आवाजाचा सराव, एखादा प्रवेश. बुद्धविहार हे शिकण्याचेच ठिकाण आहे, तिथे ढोलकी वाजली म्हणून धम्म बुडत नाही. परभणी केंद्रावर राज्य नाट्य स्पर्धेचे प्रयोग होतात, तिथे आपल्या पोरांना आधी बघायला न्या, मग उतरवा.

तिसरी, शासनाकडे मागणी. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आणि वसतिगृह हे हक्क नाटक शिकणाऱ्या पोरालाही तितकेच लागू व्हावेत, आणि स्पर्धा परीक्षांसारखेच कलाशाळांच्या प्रवेश परीक्षांचेही प्रशिक्षण शासकीय संस्थांनी द्यावे. निवेदने देताना ही एक ओळ वाढवा.

चौथी गोष्ट आईबापांसाठी. तुमची भीती खरी आहे, तिला आम्ही हसत नाही. पण तुमच्या आज्याला गावाने जबरदस्तीने नाचवले होते, तुमची लेक स्वतःच्या मर्जीने शिकून उभी राहणार आहे. या दोन्हींत तेवढेच अंतर आहे जेवढे वेठबिगारी आणि नोकरी यांत आहे. आणि 'शुद्ध' भाषा मागणाऱ्यांना सांगा की आमच्या बोलीचे व्याकरण आमच्या आयांनी घडवले आहे, ते तुमच्या परवानगीवर चालत नाही.

'फेम'च्या शेवटच्या भागाने प्रेक्षकांना नाव लक्षात ठेवायला सांगितले होते. मग आपणही एक परीक्षा देऊ. १९५५ साली बाबासाहेबांसमोर 'युगयात्रा' करणाऱ्या मिलिंदच्या विद्यार्थ्यांपैकी किती जणांची नावे आपल्या वस्तीत कोणाला सांगता येतात? त्या पोरांनी आपल्याला पहिला रंगमंच दिला. त्यांची नावे शोधणे, त्यांच्या घरी जाऊन उरलेल्या आठवणी टिपून ठेवणे, हे मराठवाड्यातल्या एखाद्या संशोधक विद्यार्थ्याचे काम आहे. कोणी पुढे येणार असेल तर आम्ही सोबत आहोत.

मालिका वाहिनीची होती, ती संपली. इतिहास आपला आहे. तो पुढे कोण सांगणार, हे येत्या जयंतीच्या बैठकीत ठरवा, आणि त्या बैठकीला वस्तीतल्या पोरीही बोलवा.

जयभीम! नमो बुद्धाय!